दुसऱ्याचा 'मी'

रुग्णालयात तिला सगळे मीताई म्हणत. लिफ्टवाला, सिस्टर, औषधांच्या खिडकीवरचा तो सदा वैतागलेला गृहस्थ, सगळेच. हे नाव एका म्हाताऱ्या पेशंटची देणगी. डॉक्टर इंग्रजीत काहीतरी बोलले आणि म्हाताऱ्याच्या खांद्यामागून हिचा आवाज आला, "मी आता तुमचं पोट दाबून बघणार आहे."

म्हाताऱ्याने शर्ट घट्ट धरला. "तुम्ही? तुम्ही कशाला दाबताय? ते डॉक्टर काय शोभेला बसलेत?"

"दुभाषी फक्त डॉक्टरांचं बोलणं सांगते आहे, आजोबा. दाबणार डॉक्टरच."

"मग 'मी' कोण?"

"डॉक्टर."

"आणि मी बोललो की?"

"तेव्हा 'मी' म्हणजे तुम्ही."

म्हाताऱ्याने जरा विचार केला. "म्हणजे ज्याचा त्याचा 'मी' ही बाई पळवते म्हणायची," असं म्हणून त्याने शर्ट वर केला.

दुभाष्यांच्या कामातला हा पहिला नियम. 'तो म्हणतो की त्याचं डोकं दुखतं' असं सांगायचं नाही. माणूस 'माझं डोकं दुखतं' म्हणाला, तर आपणही इंग्रजीत तस्संच म्हणायचं. एकदा का 'तो म्हणतो' सुरू झालं, की डॉक्टर दुभाष्याच्या तोंडाकडे बघायला लागतात, प्रश्नही त्यालाच विचारतात, आणि ज्याचं दुखतंय तो टेबलावरच्या पेपरवेटसारखा बसून राहतो. म्हणून दुभाष्याची खुर्चीसुद्धा पेशंटच्या शेजारी नसते, खांद्यामागे असते. आणि स्वतःला काही विचारायचं झालंच, तर स्वतःलाच परकं करायचं: 'दुभाषीला हा शब्द नीट ऐकू आला नाही, दुभाषी पुन्हा विचारते आहे.'

मीताईचं उभं आयुष्य त्या मागच्या खुर्चीत गेलं. पेशंटचे चेहरे तिच्या लक्षात राहत नसत, कानांच्या मागच्या बाजू राहत. दिवसभरात ती कधी पहिलटकरीण असे, कधी मूत्रपिंड निकामी झालेला ड्रायव्हर, कधी बायकोवर हात उगारून आता तिच्याच उशाशी रडणारा नवरा. सगळ्यांचं 'मी' तिच्या तोंडून जाई. घरी आली की मात्र पायऱ्या चढताना ती इतकी गप्प असे, की वहिनी म्हणायच्या, "वन्सं शब्द कामावरच संपवून येतात."

इंग्रजी तिला पुस्तकातून आलं नव्हतं, कानातून आलं होतं. त्याच रुग्णालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर ती ऐन तारुण्यात लागली. कानाला यंत्र, समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्या. इकडची दोरी तिकडे खुपसायची आणि दोन माणसं जोडून द्यायची. पुढे पाटी गेली, यंत्रं आली, आणि जोडायचं काम तेवढं तिच्याकडे राहिलं. लग्न? विचारणाऱ्याला ती सांगे, "लाइन बिझी होती." दुसरा प्रश्न कोणी विचारत नसे.

घर दादाचं. खाली दादा, वहिनी आणि भाची, वरच्या खोलीत ही. दादा कारखान्यात टर्नर होता. लेथवर फिरणाऱ्या लोखंडावरून केसाएवढी साल काढणारा माणूस. निवृत्त झाला तरी चमचा हातात आला की बोटांत फिरवून त्याची जाडी बघायचा.

आणि भाचीला आता दुभाष्यांच्या परीक्षेला बसायचं होतं. शाळा भरायची स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजी निवडता निवडता.

"सर्वनाम म्हणजे काय?"

"नामाऐवजी येणारा शब्द."

"हे झालं पुस्तकातलं. सर्वनाम म्हणजे बदली कामगार. नाम रजेवर गेलं की त्याच्या मशीनवर उभा राहणारा. आणि तो कोणाच्या जागी आलाय हे माहीत नसलं तर?"

"अपघात!" कोपऱ्यातल्या खुर्चीतून दादा ओरडला.

"बरोबर. पेशंट सांगतो, 'भावाने मित्राला रक्त दिलं आणि त्याला चक्कर आली.' कोणाला? भावाला की मित्राला? आपण मनाने इंग्रजीतला 'ही' ठोकून मोकळं व्हायचं नाही. विचारायचं. दुभाषी विचारते आहे."

मग ती एकेक उलगडून दाखवायची. मराठीत 'जेवलीस का?' एवढ्यात सगळं उरकतं, इंग्रजीला मात्र कर्ता उघड उभा करावा लागतो. कोणीच नसलं तरी 'इट' नावाचा एक बिनचेहऱ्याचा माणूस आणून ठेवायचा. पाऊस पडला तरी 'इट', उशीर झाला तरी 'इट'. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशी माणसं जोखून तीन मापं. तिथे रावाला आणि रंकाला एकच 'यू'.

"काम करणारा 'आय'. काम ज्याच्यावर होतं तो इंग्रजीतला 'मी', म्हणजे आपला 'मला'. आपली माणसं घाबरली की 'मी पेन, मी पेन' म्हणतात."

"डॉक्टरांना कळतं?"

"कळतं. कण्हणाऱ्याचं व्याकरण कोणी तपासत नाही. तुझं तपासतील. तसंच 'ही' आणि 'हिम', 'शी' आणि 'हर', 'दे' आणि 'देम'. 'माय' एकट्याने चालत नाही, नामाचा हात धरतो, माय बॅग. 'माइन' एकट्याने उभा राहतो. 'आय कट मायसेल्फ' म्हटलं की कापणारा आणि कापलेला एकच. 'धिस' हाताजवळचं, 'दॅट' लांबचं. जास्त असली तर 'दीज' आणि 'दोज'."

"छोटे," दादा मध्येच म्हणाला, "तुझी वहिनी मला जन्मभर 'हे' म्हणत आली. मी ह्यातला कुठला?"

"दर्शक सर्वनाम, बाबा," भाची म्हणाली. "जवळची वस्तू दाखवायला वापरतात."

गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या वहिनींनी मागे न बघता सांगितलं, "वस्तूच. ठेवली तिथून हलत नाही."

हसणं ओसरल्यावर मीताईने एका पेशंटच्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली. एक नवखा दुभाषी. सून म्हणाली, 'सासरे बाहेर बसलेत, ते आत येतील.' ह्याने आदर जसाच्या तसा उचलला, 'दे विल कम इन.' सिस्टरने धावतपळत चार खुर्च्या आणल्या. आत आला एकच बारीकसा म्हातारा, आणि कुठल्या खुर्चीवर बसावं ह्या विचारात उभाच राहिला.

"'हू' माणसांसाठी, 'विच' वस्तूंसाठी. प्रश्नालाही येतात आणि दोन वाक्यांना सांधायलाही. आणि 'समबडी'पासून सावध. पेशंट म्हणतो, कोणीतरी सांगितलं इंजेक्शन घेऊ नका. हा 'कोणीतरी' फार माणसं मारतो. सांगायचं तसंच, 'समबडी'च. पण डॉक्टर त्याच्यावर थांबले नाहीत, तर दुभाषीने बोट ठेवायचं."

दादा हे सगळं कान देऊन ऐकायचा. चपलेत मोजा घालून बसायचा तेव्हा. कोणी विचारलं नाही, की घरात मोजा कशाला.

मोज्याच्या आत अंगठा काळा पडला होता. नव्या बुटाने चावला होता, एवढंच. पण शुगर जुनी, आणि पायाला संवेदनाच उरली नव्हती. वास सुटला तेव्हा कळलं. वहिनींनी मोजा ओढून काढला आणि तो हातात धरून त्या तशाच जमिनीवर बसल्या.

आठवडाभरात काळं घोट्याच्या वर चढलं. सर्जन बाई तरुण होत्या, शांत होत्या, आणि त्यांना मराठीचा गंध नव्हता. पाय गुडघ्याच्या वरून काढायचा की नाही, ह्याचा निर्णय दादाने स्वतः, पूर्ण शुद्धीत द्यायचा होता. नात्यातल्या माणसाने दुभाषीपण करायचं नाही, असा रुग्णालयाचा नियम. दुसरा दुभाषी रजेवर. म्हणून पलंगापाशी फोन आणला. त्यातून कुठल्यातरी दूरच्या माणसाचा आवाज आला, "नमस्कार, मी आपला दुभाषी."

दादाने फोन उपडा करून ठेवला. "डब्याशी नाही बोलणार मी. माझ्या पायाचं आहे. माझी बहीण आहे इथे, नोकरी तीच करते. तिला बसवा."

पेशंटनेच मागणी केली, तर चालत होतं. थोरल्या सिस्टरने साक्षीला बसायचं असं ठरलं, आणि वेळ ठरली दुसऱ्या दिवशी सकाळची.

त्या दुपारी वहिनींनी मीताईला जिन्याच्या वळणावर गाठलं. हातात डबा, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं.

"वन्सं, ते 'नको' म्हणणार आहेत."

"मला माहीत आहे."

"मग ऐका माझं. ते काय बोलतात ते तुम्हाला कळतं, डॉक्टर काय बोलतात तेही तुम्हालाच कळतं. मध्ये दुसरं कोण आहे?" वहिनींचा आवाज अगदी खाली आला. "त्यांच्या 'नको'चं 'हो' करा."

मीताईने डब्यासाठी हात पुढे केला. वहिनींनी तो दिला नाही.

"एक शब्द. शुद्धीवर येतील तेव्हा पाय नसेल, पण माणूस असेल ना! मला शिव्या देऊ देत, तुम्हाला देऊ देत. जन्मभर देऊ देत. तुम्हाला दादा नकोय का?"

"वहिनी..."

"मला व्याकरण शिकवू नका," वहिनी म्हणाल्या आणि डबा घेऊन वर गेल्या.

ती रेलिंगला धरून उभी राहिली. खोटं वाटलं असतं तर सोपं होतं. वहिनींचं प्रत्येक वाक्य खरं होतं. आणि 'हो' तिलाही हवं होतं, वहिनींच्या तोडीस तोड. शब्दसुद्धा तिच्या मनात तयार होते: 'आय अॅग्री.' किती छोटं वाक्य. उच्चारायला एक श्वासही लागत नाही.

सकाळी पलंग अर्धा उभा केला होता. समोर सर्जन बाई, बाजूला थोरल्या सिस्टर, पायाशी वहिनी आणि भाची. मीताईने खुर्ची दादाच्या खांद्यामागे नेली. त्याच्या कानामागे एक जुना, ठिणगीने भाजल्याचा पांढरा ठिपका होता. इतकी वर्षं एका घरात राहून तिने तो कधी पाहिला नव्हता.

डॉक्टर बोलल्या, ती बोलली. "मी तुमच्या पायाच्या सगळ्या तपासण्या पाहिल्या. रक्त खाली पोचत नाहीये. मी पाय काढला तर तुम्ही जगण्याची चांगली शक्यता आहे. नाही काढला तर विष रक्तात पसरेल आणि काही आठवड्यांत तुम्ही मराल."

तिने 'दगावाल' म्हटलं नाही, 'बरंवाईट' म्हटलं नाही. डॉक्टरांनी जो शब्द वापरला, तोच वापरला. वहिनींनी डोळे मिटले.

"दुसऱ्या पायाचं काय?" दादाने विचारलं.

"तिथेही रक्त कमी आहे. तोही पुढे काढावा लागणार नाही, असं वचन मी देऊ शकत नाही."

दादाने मान हलवली. मग स्वच्छ, सावकाश बोलला, कारखान्यात नव्या पोराला समजावून सांगावं तसा. "मी टर्नर आहे, डॉक्टर. जन्मभर कट घेतले. माल काढता येतो, परत लावता येत नाही. आज हा, उद्या तो, परवा आणखी थोडं वर. मला असं लेथच्या फिरत्या चकवर नाही संपायचं. मला नको. मी घरी जातो."

सगळे तिची वाट बघत होते. तिने तोंड उघडलं.

"ही सेज..." ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हे 'तो म्हणतो' तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. लिहून घेणाऱ्या डॉक्टरांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच थेट तिच्याकडे बघितलं. भाचीच्या हातातली पाण्याची बाटली हलायची थांबली. आणि दादाने मोठ्या कष्टाने मान मागे वळवली.

"काय म्हणालीस?"

"तुझंच सांगतेय, दादा."

"'ही' म्हणालीस. भाजी निवडता निवडता मीही शिकलोय. 'ही' म्हणजे तो. खोलीत नसलेला." तो दमला, थांबला. "मी गेलो नाही अजून, छोटे. तू मला आत्ताच बाहेर काढतेस?"

कामाने घडवलेला आवाज होता, तो आला. इंग्रजीत ती डॉक्टरांना म्हणाली, "दुभाषीकडून चूक झाली. दुभाषी दुरुस्त करते आहे." आणि म्हणाली, "आय."

त्या 'आय'नंतर सगळं मोकळं होतं. मागचं पुसलं गेलं होतं आणि पुढचं कोणी ऐकलं नव्हतं. पलंगाच्या पायथ्याशी वहिनी दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरून तिच्याकडे बघत होत्या, डोळ्यांनी नुसतं मागत होत्या. 'अॅग्री.' सर्वनामांपुढचं इंग्रजी दादाला कळलं नसतं. भाचीला कळलं असतं, पण भाची त्याची मुलगी होती. ती गप्प राहिली असती, हे मीताईला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आय अॅम अ टर्नर, डॉक्टर," मीताई म्हणाली. आणि मग काही न गाळता सगळं: माल काढता येतो ते, चकवर संपायचं नाही ते, आणि शेवटी 'आय डोन्ट वॉन्ट इट. आय अॅम गोइंग होम.' आवाज कुठेही हलला नाही. दादा बोलला होता तेवढ्याच संथपणे तीही बोलली.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. वहिनींना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण ते टोपण कळलं. त्यांनी दांडा सोडला आणि त्या दार ढकलून बाहेर गेल्या.

"काही विचारायचंय?" डॉक्टरांचा प्रश्न.

"हो," दादा म्हणाला. "छोटे, तुला काय वाटतं?"

तिने नियमाप्रमाणे तेही इंग्रजीत सांगितलं, आणि हा प्रश्न दुभाषीला आहे असंही सांगितलं. थोरल्या सिस्टरने डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी मान डोलावली. मग मीताई उठली. खुर्ची उचलून ती त्याच्या समोर आली आणि पलंगाला गुडघे लावून बसली.

"कापू दे म्हणते मी," ती म्हणाली. "दोन्ही कापू देत. मी तुला पाठीवर घेऊन हिंडेन. मला तू हवा आहेस."

"तुझ्या पाठीत उसण भरते नुसती बादली उचलली तरी."

"दादा."

"ऐकलं मी." त्याने तिचा अंगठा धरला आणि बोटांत फिरवला, चमच्यासारखा. "ऐकलं ग. माझं तेच आहे."

ती परत मागे जाऊन बसली. डॉक्टरांना तिने सांगितलं, की बहिणीने भावाला शस्त्रक्रिया करून घे म्हणून विनवलं, आणि त्याने ऐकून घेऊन नाही म्हटलं. सिस्टरने सही केली. काम संपलं.

दादा घरी आला. वहिनींनी त्याच्यासाठी सगळं केलं, मऊ भात, उशा, खिडकीचा पडदा. फक्त नणंदेशी बोलणं सोडलं. समोर असली तरी भाचीला सांगायच्या, "तिला सांग, चहा ठेवलाय." मीताई भाचीला म्हणायची, "आईला सांग, घेतला." दोघींच्या मधे उभी राहून ती पोरगी काही दिवस इकडचं तिकडे करत राहिली. एकदा मात्र तिला रडूच फुटलं. "मी नाही सांगणार. इथेच आहात दोघी." त्यानंतर घरात तेवढेही शब्द उरले नाहीत.

रात्रंदिवस पलंगाशी बसूनही वहिनींना एक जमत नव्हतं. त्या पायाकडे त्यांना बघवत नसे. ड्रेसिंग मीताई करायची, वॉर्डातल्या सिस्टरकडून शिकून आली होती. कामावर जाण्याआधी कोमट पाण्याचं पातेलं, कापूस, चिमटा. जुनी पट्टी ओली करायची, ओढायची नाही, तिला आपण होऊन सुटू द्यायचं. दादा आता बहुतेक वेळ झोपेत असे. जागा असला तर एवढंच विचारी, "किती राहिलं?" आणि ती सांगे, "होत आलं."

एका सकाळी पट्टी सुटता सुटेना. मीताई वाकून वाकून पाणी सोडत होती, पाठ धरली होती, चिमटा हातातून निसटत होता. मागे पावलं वाजली आणि थांबली. तिने वळून बघितलं नाही. मग वहिनी तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या, तोंड भिंतीकडे वळवून. आणि न बघताच हात पुढे करून त्यांनी पातेलं धरलं, त्यात बोट बुडवलं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "पाणी गार झालंय. बदलून आणू?"

"आणा," मीताई म्हणाली. "थोडं ऊन असू दे."